कुंडावरची बाटली

गंधकाचा वास आला की अजून माझं डोकं फिरतं. संगमेश्वरजवळच्या गरम पाण्याच्या कुंडावर मी तपासणीसाठी पाणी भरत होते. तिथल्या गुरवाने विचारलं, म्हणून सांगितलं, "यात विषाणू असतात. त्यांच्या कवचातली प्रथिनं एकमेकांत इतकी घट्ट अडकलेली असतात, की एवढ्या कढत पाण्यातही कवच सुटत नाही. माणसाला त्यांचा त्रास नाही." त्याने 'विषाणू' तेवढं ऐकलं. "देवाच्या पान्यात रोग हाय म्हंतेस? नीघ हितनं!" बाटली हिसकून त्याने कुंडातच ओतली. त्याला मी आजही माफ केलेलं नाही. समाधान एवढंच, की ते विषाणू त्याने स्वतःच्या हाताने त्यांच्या घरी, कुंडात परत पोचवले, आणि माझ्यासमोर तेच पाणी जरा निववून डोक्यावरून घेतलं.