जपानी बोलणारी पांढरी गाडी

आधीच सांगते, मी कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. कोणी भुताखेताच्या गोष्टी सुरू केल्या की मला जांभई यायची, आणि ती मी लपवायचेही नाही. त्यामुळे मी हे असलं काही लिहितेय हे माझ्या जुन्या विद्यार्थिनींना कळलं तर चांगलीच करमणूक होईल त्यांची. होऊ दे. देवनागरी मी लग्न होऊन पुण्यात आल्यावर शिकले, तेव्हा शुद्धलेखन तेवढं सांभाळून घ्या.

आम्ही तंजावूरचे मराठी. राजवाड्यामागच्या गल्लीत घर. बाहेर तमिळ, कॉलेजात इंग्लिश आणि उंबऱ्याच्या आत आमची मराठी... जी ऐकून पुण्यात लोक अजून विचारतात, "तुम्ही मूळच्या कुठल्या हो?" त्या मराठीत 'सगळे' म्हणायला 'अस्कीं' असा शब्द आहे. आमची अम्मा दाराला कडी घालण्याआधी रोज विचारायची, "अस्कीं आले का?" आतून आम्ही "आले" म्हटल्याशिवाय कडी नाही. अप्पा गेल्यावर आम्ही तिघंच उरलो होतो — अम्मा, मी आणि धाकटा सेतू — सगळे समोर दिसत असायचे, तरी ती विचारायचीच.

मग अम्माला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता बोलणं परत येणार नाही. मी ते मान्य केलं. सेतूने केलं नाही. रोज कामावरून आला की तिच्यासमोर बसायचा, "म्हण अम्मा, से... तू..." ती नुसती बघत राहायची. मला ते बघवत नसे, मी स्वयंपाकघरात निघून जायचे.

हे सगळं नव्या आर्थिक धोरणाच्या वर्षांतलं. परदेशातून कायमचे परतणारे लोक आपल्या गाड्या बरोबर आणायचे, आणि सेतूच्या डोक्यात एक खूळ होतं — जपानी, दोन दारांची, जोरदार इंजिनाची सेकंडहँड गाडी. रोज तिरुचीच्या कारखान्यात जायला, आणि मद्रासजवळच्या रेस ट्रॅकवर हौशी लोकांना जेव्हा गाडी पळवू देतात तेव्हा पळवायला. इतकं एक सुख तरी त्याला मिळावं असं मलाही वाटायचं. पण चकचकीत रंग दिसला की हा पाघळतो हे माहीत असल्यामुळे गाड्या बघायला मी बरोबर जायचे, लॅबमधला लोहचुंबक घेऊन. पत्र्यावर चुंबक चिकटला नाही की समजायचं, आत पुट्टी भरलीय, म्हणजे गाडी कुठेतरी ठोकलेली आहे.

तिरुचीला एका डॉक्टरांची लाल गाडी आम्ही जवळजवळ पक्की केली होती. चुंबक सगळीकडे घट्ट बसला, इंजिनाचा आवाज साफ, कार्पेटखाली गंज नाही. "एवढी एक बघू आणि लालवाल्यांना हो सांगू," म्हणत सेतू मला मोपेडवर मागे बसवून तिरुवैयारूच्या पलीकडच्या एका खेड्यात घेऊन गेला. कालव्याच्या काठी नारळांची बाग, झावळ्यांच्या मांडवाखाली पांढरी गाडी. मालक सिंगापूरच्या बंदरात नोकरी करून परत आलेले. त्यांनी ताक दिलं. मी चुंबक काढला, आणि उजव्या दारावर तो सरळ गळून खाली पडला.

"नक्को रे," मी सेतूला आमच्या भाषेत म्हटलं. "दारांत अस्की पुट्टीच अहे."

मालकांना भाषा कळली नाही, सूर कळला. ते घाईघाईने तमिळमध्ये म्हणाले, "मॅडम, ही बोलते! जपानची गाडी आहे ना. दार उघडं राहिलं की आतली बाई जपानीत ओरडते. आम्हाला सगळ्यांना पाठ झालंय — आस्किनालेका! आस्किनालेका!" त्यांची नात खिदळली. मीही हसले. ते खरंच जपानीच वाटत होतं हो.

सेतूने दार उघडं ठेवून चावी फिरवली. टिंग-टिंग झालं. मग अम्माचा आवाज आला.

"अस्कीं आले का?"

शेवटचा 'का' जरासा ओढलेला, नाकातला, तिचाच. गाडीत कॅसेट प्लेअर नव्हता, तिथे आम्हाला ओळखणारं कोणी नव्हतं, हे सगळं मी त्याच वेळी तपासलं. माझा स्वभावच तो. सेतू मात्र स्टिअरिंग धरून लहान मुलासारखा म्हणाला, "आले, अम्मा."

"सेतू, ठोकलेली गाडी अहे. ट्रॅकवर नेशील आणि—"

"ट्रॅक गेला खड्ड्यात. अक्का, मज हीच होणा."

हीच हवी. घेतली.

दुसऱ्या दिवशी अम्माला खुर्चीसकट दारात आणलं आणि गाडीत बसवलं. आवाज आला. अम्माने आधी माझ्याकडे बघितलं, मग डाव्या हाताने डॅशबोर्ड चाचपला. तिचे ओठ हलले आणि घशातून "आ..." असं निघालं. सेतू गल्लीभर ओरडत सुटला. मग रोजचा नेमच झाला — कामावरून आला की अम्मा गाडीत, दार उघडं, चावी फिरवलेली. "आ" चा हळूहळू "आल्" झाला. मी अम्माच्या डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले, असं होत नाही. मला ते ऐकून आनंद झाला. त्या दिवसांत मी नवससुद्धा बोलले — मी!

आणि एका संध्याकाळी बॅटरी बसली. रोज चावी लावून ठेवल्यावर बसणारच. सेतूने नवी आणून घातली, अम्माला बसवलं, दार उघडं ठेवलं. टिंग-टिंग... आणि एक अनोळखी, गोड, तरणी बाई जपानीत काहीतरी बोलली.

जुनी बॅटरी चार्ज करून परत लावली, तरी तीच बाई. मेकॅनिकने डॅशबोर्डच उघडला. म्हणाला, आवाज चिपमध्ये असतो, बॅटरीचा काय संबंध? सेतूने गाडी त्या मालकांकडे नेली. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "हे काय नवीन बसवलंत? आमची असं बोलत नव्हती."

अम्मा रोज वेळ झाली की डाव्या हाताने दाराकडे खूण करायची. सेतू तिला बसवायचा, ती जपानी बाई बोलायची, अम्मा वाट बघायची. शेवटी एके दिवशी त्याला राहवेना. तिच्याशेजारी बसून त्याने आवाज बारीक केला, नाकात आणला आणि स्वतःच म्हणाला, "अस्कीं आले का?" हुबेहूब नव्हतं, पण जवळ होतं. अम्माने हात उचलला आणि त्याच्या तोंडावर ठेवला. बराच वेळ काढला नाही.

त्यानंतर तिने दाराकडे कधी खूण केली नाही. "आ" सुद्धा पुन्हा निघाला नाही. पुढच्या पोंगलच्या आधीच ती गेली.

गाडी मद्रासच्या एका हौशी माणसाने नेली. ती ट्रॅकवर मस्त पळते, दाराची काही तक्रार नाही, असं त्याने कळवलं होतं. सेतू ट्रॅकवर कधीच गेला नाही. पुण्यात मी एका जपानी शिकणाऱ्या मुलीला त्या गाडीतल्या बाईचं जपानी वाक्य जमेल तसं म्हणून दाखवलं. ती म्हणाली, साधं आहे, "उजवं दार नीट लागलेलं नाही."

अम्मा मद्रासच्या पलीकडे कधी गेली नव्हती. तिचा आवाज कुठे टेप केलेला नव्हता. आज ऐकावासा वाटला तरी माझ्याकडे नाही. तो त्या गाडीत कसा आला आणि का गेला, याचं उत्तर आता कोणी दिलं तरी मला नको आहे. सेतू अमेरिकेत असतो. दर रविवारी फोन करतो, चांगला बोलतो, पण इंग्लिशमध्ये. मागे एकदा मी आमच्या मराठीत सुरुवात केली, तर तो हळूच म्हणाला, "अक्का, प्लीज."

मीही आता इंग्लिशमध्येच बोलते.