गुणवंतचं तोंड

चिंतामणी पाठराबे जबलपूरच्या एका कारखान्यात गाड्यांना रंग मारायचे. गणपतीत मराठी मंडळींचं नाटक असलं की नटांची तोंडं रंगवायचं कामही त्यांच्याकडेच. मेणाचं नाक लावून ते कोवळ्या कारकुनाचा म्हातारा सावकार करून टाकत. बोलत फार कमी.

एकाहत्तरची लढाई सुरू झाली आणि कारखान्यातल्या पाळ्या लांबल्या. शहरात ब्लॅकआउट होता, ट्रकांचे दिवे अर्धे काळे केलेले. महाराजपुरातल्या भाऊराव ठवकरांचा मुलगा गुणवंत पाळी संपवून सायकलनं घरी येत होता. अंधारात त्याला ट्रकनं उडवलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून चिरफाड करून, जाड दोऱ्यानं शिवलेलं प्रेत मिळालं.

भाऊरावांनी तोंडावरची चादर उचलून पाहिलं आणि परत टाकली. राधाबाईंना, त्याच्या आईला, त्यांनी जवळ येऊ दिलं नाही. तसेच चिंतामणींच्या दारात जाऊन उभे राहिले.

"त्याच्या मायला पाहता येईल असं करून द्या जी," ते म्हणाले. "दुसरं काही मागून नाही राहिलो."

चिंतामणी नाटकाच्या रंगांची पेटी घेऊन गेले आणि बाहेरच्या खोलीचं दार लावून बसले. डावा गाल आत गेला होता. नाक उरलं नव्हतं. त्यांनी वाळलेलं रक्त पुसलं, गालात कापूस भरला, जबडा फडक्यानं बांधला, वरून मेण थापलं. रंग मात्र बसेना. जिवंत माणसाच्या तोंडाच्या उबेनं रंग मऊ होऊन पसरतो. इथं थंडगार कातडीवरून तो खपलीसारखा निघून यायचा. शेवटी शेगडी मागवून त्यांनी रंग ऊन केला आणि बोटांनी दाबून दाबून बसवला. मध्येच एकदा मागच्या अंगणात जाऊन ओकून आले. टाके दिसू नयेत म्हणून कपाळाला पांढरा रुमाल बांधला.

दार उघडलं तेव्हा भाऊरावांनी हात जोडले. पोरगा झोपल्यासारखा दिसत होता.

राधाबाई येऊन बसल्या. पुष्कळ वेळ पाहत राहिल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "हा कोणाचा आणला?"

त्या आणखी खाली वाकल्या.

"माझ्या गुणवंतच्या तोंडावर देवीचे वण होते. याच्या कुठं आहेत?"

गुणवंत नाटकात काम करायचा, आणि रंगवताना चिंतामणी त्याचे वण नेहमी बुजवत. आजही हातांनी सवयीनं तेच केलं होतं. चांगल्या उरलेल्या उजव्या गालावरसुद्धा. ते पुटपुटले, की थोडं थांबा, वण परत करून देतो. राधाबाईंनी ते ऐकलंच नाही. तांब्यातलं पाणी पदरावर घेतलं आणि तोंड पुसायला लागल्या.

भाऊराव अडवायला गेले, तर त्यांनी हात झिडकारला.

उजव्या गालावरचे खड्डे दिसायला लागले. त्यांच्यावरून त्या बोटं फिरवत राहिल्या. मग डावीकडे वळल्या. तिथं पदराबरोबर मेण निघालं, ओला कापूस बाहेर आला. त्यांचा हात थांबला. भाऊराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. राधाबाईंनी कापूस परत गालात सारला आणि त्यावर तळहात दाबून धरला.

"माझाच आहे," त्या म्हणाल्या, आणि मग रडल्या.

नर्मदेवरच्या ग्वारीघाटाला नेताना तोंड उघडंच ठेवलं. चिंतामणींनी खांदा दिला.

पुढच्या गणपतीत नाटक झालं, पण रंगवायला ते गेले नाहीत. जिवंत माणसाच्या गालाला हात लावला की बोटं आखडतात, एवढंच त्यांनी बायकोला सांगितलं. लोक मात्र बोलवायला लागले. रुळावर सापडलेला असो की स्टोव्हनं भाजलेली, चिंतामणी जात. आधी घरातल्या एखाद्या बाईला शेजारी बसवून घेत आणि विचारत, की काय राहू द्यायचं?

भाऊराव गेले ते दम्यानं, अंथरुणातच. राधाबाईंनी निरोप पाठवला. करण्यासारखं काहीच नव्हतं, तरी चिंतामणी गेले. घमेल्यात पाणी घेऊन राधाबाई शेजारी बसल्या, आणि चिंतामणींनी भाऊरावांची दाढी केली.