चाळीस मिनिटांचं कुंपण

समजा, हे काम तुमच्यावर आलंय. सांगलीजवळ हळदीचं एक शीतगृह आहे. सहा एकरांचं लांबट आवार, चारी बाजूंनी जाळीचं कुंपण, मागं ओढा आणि ओढ्यापलीकडं पुरुषभर उंचीचा ऊस. पत्र्याच्या शेडमध्ये हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या. या सगळ्यावर नजर ठेवायला चहूकडं फिरणारा, वरखाली बघणारा, लांबचं जवळ आणणारा एक कॅमेरा तुम्हाला निवडायचाय. टेबलावर तीन पत्रकं पडलीत. तिन्हींवर पांढऱ्या नारळासारख्या दिसणाऱ्या कॅमेऱ्याचा फोटो, आणि तिन्हींची भाषा अशी, की जणू चोरच घाबरून पोलिसात हजर होतील. कुठला घ्याल? आणि घेतल्यावर त्याला बघायला कुठं सांगाल?

मानसिंगला पहिल्या प्रश्नाआधी दुसरा पडला. तो होताच तसा. रहिमतपूरजवळच्या खेड्यातला, बावीस वर्षं सैन्यात, त्यातली निम्मी वायरलेसच्या खोलीत. हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि मदनशेठच्या शीतगृहावर सुरक्षेचा मुख्य म्हणून लागला, त्याला आठ वर्षं झाली होती. सांगलीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन तो आणि बायको मनुबाई राहत. गावाकडच्या उसाचं भाऊ बघायचा. मानसिंगच्या अंगावरचा गणवेश साधाच, पण इस्त्री अशी, की आवारातले हमाल म्हणत, "मेजरसायबाच्या बाहीनं भाकरी कापता यील."

कॅमेरा हवा कशाला, हे मानसिंगच्या डोक्यात स्पष्ट होतं. मदनशेठच्या घरात सूर्यास्तानंतर कुणी जेवत नाही. त्यांच्या वडिलांनी आवारात कामगारांसाठी स्वयंपाकघर काढलं, तेव्हा तोच शिरस्ता तिथंही लागला. साडेपाचला घंटा व्हायची आणि हमाल, ड्रायव्हर, राखणदार, सगळे एकदम पंगतीला बसायचे. सव्वासहाला भांडी घासून ठेवलेली. मानसिंगनं पहिल्याच वर्षी राखणदारांच्या दोन पाळ्या करून पाहिल्या. दुसऱ्या पाळीला रिकामी पातेली मिळाली. आप्पासो नावाचा म्हातारा राखणदार तेव्हा म्हणाला होता, "सायेब, कुंपण राखू का प्वाट राखू, येक काय ते सांगा. दोनी राखायला मी काय मारुती न्हाई."

मानसिंगनं ते मान्य केलं. पण भर उजेडात, रोज ठरलेल्या वेळी, मागचं कुंपण चाळीस मिनिटं मोकळं असतं, हे ओढ्याकाठी गुरं चारणाऱ्या पोरालाही ठाऊक होतं. रात्री चार माणसं गस्तीला असत. रात्रीची त्याला काळजी नव्हती. त्याला ती चाळीस मिनिटं बुजवायची होती.

दिवाळीच्या आधी शेठनी होकार दिला, आणि शिवतेज नावाचा तरुण विक्रेता तीन कॅमेरे घेऊन आला. पेढीच्या गच्चीवर खांब उभा केला. तिथून मागचं कुंपण पावणेदोनशे मीटर.

"काका, ह्यातनं कुंपणावरचा डाससुद्धा दिसतोय," शिवतेज म्हणाला.

"डास ऱ्हाऊ दे, गड्या. माणूस दाव."

मानसिंगनं आप्पासोला पोतं खांद्यावर देऊन मागच्या कुंपणाकडं पाठवलं. सोबत आप्पासोचा भाऊ. दोघांची अंगकाठी सारखी, टोपी सारखी. पहिल्या कॅमेऱ्यात लांबचं चित्र मोठं झालं, पण चेहऱ्यांचे नुसते चौकोन झाले. "ह्ये जवळ आणणं न्हवं, शिवतेज. ह्ये फोटो ताणणं हाय. भिंग हालतंय कुठं आतलं?" दुसऱ्यात चेहरा दिसला, पण संध्याकाळी समोरून ऊन आलं आणि कुंपण काळं पडलं. मानसिंगनं तो बरोबर साडेपाचलाच लावून पाहिला होता. तिसऱ्यात उन्हातही आप्पासो कोण आणि भाऊ कोण ते कळलं, आप्पासोनं दात नसलेलं तोंड उघडून दाखवलं तेही.

त्यानं आणखी एक गोष्ट मागितली. कॅमेरा कुणी हातानं फिरवला आणि तसाच सोडला, तर त्यानं आपण होऊन ठरल्या जागी परत यायला पाहिजे. तिसरा येत होता. मानसिंगनं ती वेळ दोन मिनिटं ठरवली. दिवसभर तो गस्त घालेल, पेढी, फाटक, शेड, कुंपण, एकेक जागा आठ-आठ सेकंद. साडेपाच ते सव्वासहा मात्र फक्त मागच्या कुंपणावर रोखलेला. जाळीपाशी कुणी आलं की भोंगा वाजेल. शिवतेज म्हणाला, "काका, तुमी आमच्याकडं या नोकरीला. आमच्या इंजिनिअरला पण येवढं येत न्हाई." मानसिंग हसला. खूप दिवसांनी त्याला वायरलेसच्या खोलीत बसल्यासारखं वाटलं.

दोन चुका त्याच दिवशी झाल्या. दोन्ही त्याच्याच, असं तो आजही म्हणतो.

शेठ म्हणाले होते, येवढ्या पैशात चार साधे कॅमेरे चार कोपऱ्यांना बसतील. फिरता कॅमेरा कितीही भारी असला तरी एका वेळी एकीकडंच बघतो, हे मानसिंग जाणून होता. तरी त्यानं हट्टानं हाच मागितला. चांगल्या यंत्राचा मोह. सैन्यात चांगलं यंत्र कायम दुसऱ्या पलटणीला मिळायचं.

दुसरी चूक पासवर्डची. मानसिंगनं सांगितलं की ज्याच्या-ज्याच्या फोनवर कॅमेरा दिसणार, त्याचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. म्हणजे कुणी केव्हा फिरवला ते नोंदीत राहतं. शेठचा मुलगा अरिहंत तिथंच होता. पुण्यात शिकून आलेला, बोलायला मऊ. तो म्हणाला, "काका, आमच्या घरात तिजोरीची किल्लीसुद्धा एकच आहे. कुणाला काय वेगळं करायचं?" शेठनी मान हलवली. सगळ्यांना मिळून एकच नाव, एकच पासवर्ड. मानसिंगला पुढं बोलायचं होतं, पण दुसऱ्याच्या घरात वाटण्या सुचवल्यासारखं होईल म्हणून तो थांबला.

शेठ, त्यांची बायको चंदनबाला, अरिहंत आणि सून ब्राह्मी, अशा चार फोनांवर कॅमेरा गेला. मोठा पडदा पेढीत लागला. फाटकाजवळच्या मानसिंगच्या केबिनमध्ये काहीच लागलं नाही. त्यानं एकदा विचारलं, शेठ "बघू" म्हणाले. भोंगा आहे, म्हणून त्यानं पुन्हा विचारलं नाही.

तीन महिने भोंगा नीट वाजला. दोनदा कुत्र्याला, एकदा वैरण कापायला आलेल्या बाईला. ती बाई उलट आप्पासोलाच ओरडली, "मढं बशिवलं त्या भोंग्याचं, माझी शेळी गाभ टाकंल की!"

फेब्रुवारीत नव्या हळदीची आवक सुरू झाली. एका बुधवारी जेवणं उरकून आप्पासो मागं गेला आणि पळत परत आला. जाळी एका माणसाच्या मापानं कापलेली होती. ओढ्यापलीकडं उसाच्या बांधावर चाकांच्या खुणा. शेडच्या मागच्या दाराची कडी उचकटलेली. अकरा पोती गेली होती. भोंगा वाजला नव्हता.

पोलीस आले, पंचनामा झाला. दुसऱ्या दिवशी पेढीत मोठ्या पडद्यावर रेकॉर्डिंग लावलं. शेठ, अरिहंत, शिवतेज, आप्पासो आणि मानसिंग. पाच तीसला घंटा ऐकू आली. पडद्यावर मागचं कुंपण, ऊन, ऊस. पाच चौतीसला चित्र हललं. कुंपण सुटलं, शेड सरकली, फाटक आलं, फाटकाची केबिन आली. मग चित्र जवळ येत गेलं. खिडकी. खिडकीत मानसिंग. फाटक मोकळं टाकायचं नाही म्हणून तो पंगतीला जात नसे, घरचा डबा खात असे. चित्र आणखी जवळ आलं. मानसिंगचे हात. भाकरीचा तुकडा. शेवटी पडद्यावर फक्त डबा उरला.

पावणेदोनशे मीटरवरचा चोर ओळखावा म्हणून निवडलेलं भिंग चाळीस मीटरवरच्या डब्यात खुपसलेलं होतं. डब्यातल्या भाजीतली मोहरी मोजता येत होती.

शिवतेजनं रेकॉर्डिंग पुढं पळवलं. डबा. हात. पाणी पिणारा गळा. पुन्हा डबा. मानसिंगनं चपला काढून टाच दाबली, तेही दिसलं. सहा दहाला चित्र परत कुंपणावर गेलं, तेव्हा जाळी कापून झाली होती.

"काका," अरिहंत म्हणाला, "तिकडं पोती जात होती आणि तुम्ही..."

"जेवत हुतो," मानसिंग म्हणाला. "रोज त्याच येळंला जेवतोय. कॅमेरा माझ्याकडं कुणी वळवला?"

"कुणाचा तरी हात लागला असेल. घरात मुलं खेळतात फोनशी."

मानसिंग शिवतेजकडं वळला. "हात लागून सोडला असता तर किती येळात म्हागारी गेला असता?"

शिवतेजनं शेठकडं पाहिलं. "दोन मिनिटांत."

"आणि किती येळ ऱ्हायला?"

"छत्तीस मिनिटं."

"म्हंजी दर दोन मिनिटांच्या आत कुणीतरी बोट लावत हुतं. व्हय का न्हाई? नोंद काढ."

शिवतेजनं नोंद काढली. छत्तीस मिनिटांत एकोणतीस वेळा आज्ञा गेली होती. थोडं डावीकडं, थोडं जवळ, आणखी जवळ. प्रत्येक ओळीपुढं नाव एकच, घराचं.

आप्पासो दाराशी पुटपुटला, "हळद ऱ्हायली बाजूला, आन् भाकरीवर पहारा." शेठनी त्याला बाहेर जायला सांगितलं.

मदनशेठ वाईट माणूस नव्हते. मनुबाईच्या ऑपरेशनला त्यांनी स्वतःची गाडी दिली होती. पण ते पडद्याकडं बघत नव्हते. म्हणाले, "मानसिंग, तुमच्यावर संशय न्हाई आमचा."

"माझ्यावर नसू दे शेठ. माझ्या डब्यावर हुता का?"

आवाराचा नियम जुना होता. आत मांस-मच्छी, अंडं काही आणायचं नाही. तो मानसिंगला सांगावाही लागला नव्हता. नोकरी लागली त्याच आठवड्यात मनुबाईनं त्याच्या डब्यातला कांदा आणि लसूणही बंद केला. तेवढं कुणी मागितलं नव्हतं. ज्यांचं मीठ खातो त्यांच्या दारात त्यांच्या मनासारखं, एवढंच तिचं म्हणणं. आठ वर्षं तो बिनलसणाचा खर्डा खात होता आणि चव विसरला होता.

शेठ म्हणाले, "ते आता सोडा."

त्यानं सोडलं नाही. चार दिवस तो रोज पेढीत जाऊन तेच विचारायचा, अदबीनं, उभ्यानं. चंदनबाला वहिनी समोर आल्या तर खाली बघायच्या. ब्राह्मी मुलाला घेऊन आत जायची. अरिहंतला फोन यायचा. कुणीही दोषी दिसावं असं ते चौघं वागत होते, त्यामुळं कुणावरच बोट ठेवता येत नव्हतं. पाचव्या दिवशी शेठ म्हणाले, तुमचंही वय झालं, गावाकडं शेती आहे, आता आराम करा. चोर तर सापडलेच नाहीत. कॅमेरा निवडणारे तुम्हीच होतात, हे मात्र अरिहंतनं एकदा बोलून घेतलं. मानसिंगनं त्यावर मान हलवली. ते खरंच होतं. चार साधे कॅमेरे असते, तर एक तरी कुंपणाकडं बघत राहिला असता.

तो मनुबाईला घेऊन गावी परतला. येताना गाडीत मनुबाई म्हणाली, "मागितला आस्ता तर येक डबा जास्तीचा दिला आस्ता की मी. येवढ्या लांबनं बघत कशाला बसायचं?" मग पदर तोंडाला लावून खिडकीबाहेर बघत राहिली. मानसिंगला वाटलं तिनं हसावं. ती हसत नव्हती.

आता कोरेगाव-रहिमतपूरकडचे लोक त्याच्याकडं सल्ला विचारायला येतात. कुणाची पोल्ट्री असते, कुणाची ट्रॅक्टरची शेड. तो मन लावून सांगतो. भिंग खरं हलतंय का बघा. ज्या येळंला चोर यील त्याच येळंला लावून बघा. एक फिरता घेतलात तर चार न फिरणारे आधी घ्या. आणि हरेक माणसाचं नाव वेगळं ठेवा, घरातला असला तरी.

डब्यात लसूण परत आलाय. तो जेवायला बसला की आधी दाराकडं पाठ करतो, हे मनुबाईच्या लक्षात आलंय.

गेल्या महिन्यात त्यानं मदनशेठना फोन केला. शेठनी तब्येत विचारली, उसाचं विचारलं, पाऊसपाणी विचारलं. मानसिंगनं सगळ्याची उत्तरं दिली. मग म्हणाला, "शेठ, कोण हुतं ते नका सांगू. नाव मला नगंच. पर ज्यो कुणी हुता, त्यानं पयल्या दोन मिनिटांतच बघितलं आसंल की डब्यात भाकरी आन् वांगं हाय. मग फुडची चौतीस मिनिटं त्यो काय बघत हुता?"