कोरडा कॉम्प्रेसर

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही — आणि तिच्यापासून माझं एरवी काहीच लपत नाही. मग तुम्हाला का सांगतोय? दमलोय, म्हणून. गप्प बसायलाही ताकद लागते, ती आता उरली नाही.

मी रेल्वेच्या विजेच्या इंजिनांचा फिटर. सगळी नोकरी नागपुरात झाली. निवृत्तीच्या सुमारास भंगारात निघालेलं एक जुनं इंजिन साहेबांनी जतन करायचं ठरवलं. रंग झाला, पितळी पाट्या घासून झाल्या. पण प्रभाकरचं तेवढ्यानं भागेना. प्रभाकर माझा जोडीदार, नागपुरातल्याच महाल भागातला, असल्याच इंजिनावर खलाशी, म्हणजे फिटरचा मदतनीस, म्हणून लागलेला. छपरावरचा पेंटो, म्हणजे तारेतून वीज घेणारा तो लोखंडी सांगाडा, एकदा तरी इंजिनाच्या स्वतःच्या हवेवर उठलेला त्याला पाहायचा होता. "तारेनं बांधून उभा केला तं मुडद्याले टेकू देल्यासारखं दिसते गा," म्हणायचा.

ती हवा भरायला बॅटरीवर चालणारा एक लहान कॉम्प्रेसर असतो. आम्ही त्याला बेबी म्हणायचो. मला हाताशी घेऊन प्रभाकरनं तो खोलला, धुतला, रिंगा बसवल्या, तेल भरलं. कित्येक सुट्ट्या त्यात घातल्या. आणि मी काय केलं? — सांगतो. सांगायलाच बसलोय.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी, तो घरी गेल्यावर, मी ते तेल एका डब्यात काढलं, डबा बाकाखाली सरकवला. त्यात लोखंडाचा कीस उतरलाय का, तेवढंच बघायचं होतं. आमच्याकडे रीत अशी की तेल काढणाऱ्यानं स्विचला लाल चिंधी बांधायची, आणि तेल परत भरल्यावर त्यानंच ती सोडायची. मी बांधलीच नाही. एवढंसं तर काम, चिंधी कशाला? तेवढ्यात कुणीतरी चहाला हाक मारली. गेलो — आणि तिथूनच घरी गेलो.

सकाळी साहेबलोक जमले. प्रभाकरनं तेलाची काच पाहिली. पण ती जुनी काच इतकी पिवळी पडलेली, की आत काही नसलं तरी भरल्यासारखी दिसायची. चिंधीही नव्हती. त्यानं स्विच दाबला. बेबी चालू झाला, हवा भरत गेली, पेंटो वीतभर उठला. प्रभाकर लहान मुलासारखा हसत होता. मग खालून कडाडकन आवाज आला. बेबीच्या आतला दांडा तुटला होता. त्या बनावटीचे सुटे भाग आता कुठंच मिळत नाहीत.

खोलून पाहिलं, तर आत तेलाचा थेंब नाही. सगळे प्रभाकरकडे पाहायला लागले आणि तो माझ्याकडे. "मी तेल टाकलं होतं ना गा, भाऊ?"

तोवर मला सगळं आठवलं होतं. सगळं. मी म्हणालो, "मले काय माहीत?"

दुपारी बाकाखालचा तो तेलाचा डबा मी गुपचूप रिकामा करून आलो. म्हणजे नुसतं घाबरून तोंड बंद राहिलं, असंही म्हणता येत नाही. त्या इंजिनाला साहेबांनी प्रभाकरला पुन्हा हात लावू दिला नाही. आता ते फोटो काढायला उभं आहे, पेंटो तारेनं बांधून.

प्रभाकरनं माझ्यावर कधी संशय घेतला नाही. त्यानं घेतला तो स्वतःवर. आपणच विसरलो, असं त्याच्या मनानं धरलं. हा माणूस आता कुलूप लावल्यावर पुन्हा पुन्हा ओढून बघतो, अर्ध्या रस्त्यातून गॅस बघायला परत फिरतो. त्याची सून हसते. मी समोर असलो तर मीही हसतो — काय करणार होतो दुसरं?

मागच्या महिन्यात तो दुखण्यातून उठला आणि पहिला माझ्याकडे आला. मग म्हणाला, "भाऊ, तुह्या मेहनतीवरही पाणी फिरवलं गा मी. काहून विसरलो, समजतच नाही. मले माफ कर."

मी त्याचा हात हातात घेतला. म्हणालो, "जाऊ दे गा. केलं माफ."