टाकीसाठी गोडं पाणी

अण्णा गेला तेव्हा टाकी पुरती चार महिन्यांचीही नव्हती. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. गोव्यात बंदरावर नोकरीला होता आणि महिन्यातून एकदा लोंढ्यावरून रेल्वेनं बेळगावला घरी यायचा. घरात आई आणि मी, दोघंच. मी खानापूरला सरकारी कचेरीत कारकून. सकाळी जायचो, संध्याकाळी यायचो. ऐंशीच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. आमच्या गल्लीत लोकांनी रंगीत मासे बघितले होते ते एखाद्या दवाखान्यात नाहीतर फोटो स्टुडिओत. इथं तर समुद्राच्या पाण्याची टाकी, आणि तीत मासा नाहीच, नुसता दगड. शेजारपाजारचे येऊन बघून जात आणि तोंड दाबून हसत.

त्या दगडावर पोवळी होती. अंगठीतली नव्हेत, त्यांच्या भावकीतली. शर्टाच्या बटणाएवढी, मऊ, हिरवट, कडेला बारीक झालर असलेली. ओहोटीच्या वेळी अण्णानं खडकातून तो दगड उचलून आणला होता. उजाडलं की ती उमलत, हात लावला की मिटत. आईनं पहिल्याच दिवशी विचारलं, "जित्तं असतंय व्हय हे?"

"तुझ्यामाझ्याएवढं जित्तं, आई. फकस्त बोलत न्हाय."

"मग बरंच हाय की. तू लई बोलतोस."

दगड आणायच्या आधी दोन महिने त्यानं टाकीत नुसती वाळू आणि पाणी ठेवलं होतं. पाणी गढूळ झालं, काचेवर तपकिरी थर चढला, वास सुटला. मी कटकट केली तर म्हणाला, "कच्ची हाय टाकी. लोणच्यागत मुरू दे तिला." मग पाणी आपोआप निवळलं. मासळीच्या गाडीवाला दर पंधरा दिवसांनी समुद्राचं पाणी दोन कॅन भरून आणून द्यायचा, त्यातलं थोडं घालून थोडं जुनं काढायचं. आणि रोजची एक गोष्ट. टाकीतलं पाणी वाऱ्यानं उडतं, पण उडतं ते गोडं पाणी. मीठ मागंच राहतं. म्हणून काचेवरच्या चिकटपट्टीच्या रेघेपर्यंत भरताना गोडंच घालायचं, खारं नाही. हे मला अण्णानं दोनदा सांगितल्यावर कळलं. आईला एकदाच.

"आमटी आटली की खारट हुतीया," ती म्हणाली. "मग पाणी वततोय आपण, मीठ न्हाय."

"बघ," अण्णा मला म्हणाला, "आपल्यात शिकलेली ही एकटीच."

दिवाळीला तो आला तो डोळे पिवळे करूनच. कावीळ. बाहेरचं पाणी बाधलंय, असं डॉक्टर म्हणाले. तीन आठवड्यांत गेला.

मी रडलो नाही. यात मोठेपणा काही नाही, तेव्हा मला लाजही वाटली नाही. स्मशानातून घरी आलो तेव्हा मला भूक लागली होती आणि शेजाऱ्यांनी आणलेलं पिठलं-भात मी पोटभर जेवलो. चौदाव्या दिवशी कचेरीत हजर झालो. लोक माझ्याशी हळू आवाजात बोलत, त्याचाच वैताग यायचा. आत काहीही हलत नव्हतं. बस वेळेवर आली का, शाईची बाटली संपली का, एवढंच मला कळायचं.

टाकी आईनं घेतली. मी त्या कोपऱ्याकडं बघायचोही नाही. ती सकाळचा चहा टाकीसमोर बसून प्यायची आणि बटणं मोजायची. अण्णा असताना चौदा होती, जानेवारीत सोळा झाली. मी बूट घालत असताना तिनं ते मला सांगितलं आणि मी "बरं" म्हणालो. करंट गेला की हवेचा पंप बंद पडे. मग ती पेल्यानं टाकीतलंच पाणी उचलून वरून धार सोडत बसायची, तास तास. एकदा मी चिडून म्हणालो, "दगडाला वारा घालत बसलीस?" तिनं हात थांबवला नाही. "माझ्या पोराचं जित्तं एवढंच ऱ्हायलंय," म्हणाली.

अण्णानं पावसाचं पाणी प्लास्टिकच्या पिंपात भरून ठेवलं होतं, टाकीसाठीच. ते शिमग्याच्या सुमारास संपलं. तेव्हाच कोरडा वारा सुरू झालेला, टाकी रोज बोटभर खाली जायची. आईनं विचारलं, "आता कुठलं घालू रं?"

माझी बस चुकत होती. "नळाचं नको, त्यात औषध असतंय. घरात सगळ्यात चांगलं असंल ते घाल."

सगळ्यात चांगलं पाणी म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणाला विचारायची गरज नव्हती. शेजारच्या विहिरीचं, दुहेरी फडक्यानं गाळलेलं, रात्रभर तांब्याच्या हंड्यात राहिलेलं. हंडा आई रोज चिंचेनं घासायची, आत बाहेर, तोंड दिसेपर्यंत. त्यातलं सकाळी तपेलीभर आणि संध्याकाळी तपेलीभर ती टाकीत घालू लागली.

पाडव्याच्या आत बटणं उशिरा उमलायला लागली. मग अर्धीच. आईला वाटलं, उन्हाळा बाधतोय. तिनं खिडकीला ओलं धोतर लावलं, अण्णाचंच. मला बोलवून दाखवलं तर मी म्हणालो, "मुरली नसंल अजून टाकी." बटणं राखी पडली, काही दगडावरून सुटून वाळूवर पडली. सोळाची अकरा झाली, अकराची पाच. "कुणाला तरी इचार की," ती रोज म्हणायची, आणि मी आज विचारतो, उद्या विचारतो करत दोन आठवडे घालवले.

शेवटी एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडं टाकीतलं पाणी बाटलीत घेऊन गेलो. त्यांनी ओळीनं विचारलं. टाकी किती महिन्यांची, ऊन किती, पंप कसला. खारेपणा मोजला, तो बरोबर निघाला. मग विचारलं, वरून घालता ते पाणी कशात साठवता?

मी सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मासा एखादे वेळी तगतो," ते म्हणाले. "या जातीला तांबं म्हणजे विष. आणि पाणी उडतं तेव्हा तांबं काही उडत नाही. तुम्ही रोज थोडं थोडं घालत होता."

घरी येईपर्यंत मला राग आलेला होता. किती महिन्यांनी काहीतरी आलं होतं, आणि आला तो रागच. खरं तर तो माझ्यावर यायला हवा होता. सगळ्यात चांगलं घाल असं मीच म्हणालो होतो. आई परसात हंडा घासत बसली होती, हाताला चिंच लागलेली. मी चपला न काढताच म्हणालो, "तूच मारलंस त्यांना. ह्या हंड्यानं. तांबं उतरतंय पाण्यात, इष असतंय ते."

तिनं हंडा बाजूला ठेवला. मग हात धुतले, पदराला पुसले.

"इष असतंय?"

"व्हय."

"अण्णालाबी ह्यातलंच पाजलं की रं मी," ती म्हणाली. "बाहेरचं पाणी बाधलं म्हणाले डाक्टर, म्हणून. आजारात रोज सकाळी, उठवून उठवून. नगं म्हणायचा तरी."

मी त्याच क्षणी नाही म्हणायला हवं होतं. मोठ्यानं, तिला धरून. शब्द काही अवघड नव्हते. पण राग आला तसा निघून गेला होता आणि मी पुन्हा तसाच झालो होतो, कोरडा. नळाखाली बादली भरून वाहत होती, तिच्याकडं बघत उभा राहिलो. आई माझ्या तोंडाकडं बघत होती. मग ती उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना विचारून आलो. एवढ्याशानं माणसाला काही होत नसतं, तुमच्या भावाचं यकृतच गेलं होतं, असं ते म्हणाले. मी घरी येऊन सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं. आई "बरं" म्हणाली, अगदी मी म्हणायचो तसंच.

उरलेली पाच बटणं आठवड्यात गेली. त्यानंतर घरात स्टीलची कळशी आली आणि माझं प्यायचं पाणी आई तीत भरून ठेवायला लागली. पाहुणा आला तरी कळशीतलंच. हंडा तिनं मोडीत घातला नाही. रोज घासायची, भरायची, आणि स्वतः त्यातलंच प्यायची. पुढं अकरा वर्षं ती होती. मी एकदाही का म्हणून विचारलं नाही.