इंजिनाची ट्रायल

मास्तरांच्या शिवणकामाच्या दुकानात, कापडाच्या ठाणांमागे गाडीच्या इंजिनाला जोडायचा एक टर्बो ठेवलेला होता. मोठ्या गोगलगाईच्या शंखासारखा, दोन तळहातांत मावेल असा. कोटाची बाही हातात घेऊन काज करता करता मास्तरांची नजर तिकडे जायची आणि सुई हवेतच थांबायची. समोरचं गिऱ्हाईक खाकरलं की मास्तर परत यायचे. परत यायचे असंच म्हणायला हवं, कारण तेवढ्या वेळात ते चढावर जाऊन आलेले असायचे.

हा चढ त्यांचं घर आणि गावाचा वरचा भाग यांच्या मधला. त्यांची बायको परिचारिका. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन ती त्यांची मलमपट्टी करायची, कुशी बदलून द्यायची. घरातली जुनी, लहान गाडी रोज तीच चालवायची. शेजारी मास्तर, दुकानापर्यंत. मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधलेलं प्राणवायूचं नळकांडं. चढ लागला की गाडी दुसऱ्या गिअरवर येऊन धापा टाकायची आणि मास्तर नकळत श्वास रोखून धरायचे. वर पोचल्यावर गाडी आणि मास्तर दोघंही एकदमच सैल व्हायचे.

"अहो, उतरून ढकललीत तरी एवढे दमणार नाही तुम्ही," बायको म्हणायची.

टर्बोचं वेड लावलं गॅरेजवाल्या मिस्त्रींनी. ते पँट सैल करून घ्यायला आले होते. मास्तरांनी चढाचं गाऱ्हाणं सांगितलं, तेव्हा मिस्त्री स्टुलावर बसून म्हणाले, "इंजिन धूर सोडतं ना, तो फुकट जातो. त्या धुरानं एक पंखा फिरवायचा. त्याच दांड्यावर दुसरा पंखा बसवायचा. तो बाहेरची हवा दाबून आत भरतो. झालं."

मास्तरांना ते 'झालं' असं वाटलंच नाही. आपल्याच सुस्काऱ्यावर पुढचा श्वास घ्यायचा, ही गोष्ट त्यांच्या मनात घर करून बसली. इस्त्री फिरवताना त्यांना दिसायचं, गाडी चढाला लागली आहे, आणि चढ कापडासारखा तिच्याखालून मागे सरकतो आहे. बायको एका हातानं स्टिअरिंग धरून काहीतरी सांगते आहे, आणि इंजिनाचा आवाज इतका हलका की तिचा शब्द न् शब्द ऐकू येतो.

आराखडा ठरायला बरेच दिवस गेले, कारण मिस्त्रींना गाडी उडवायची होती आणि मास्तरांना चालवायची.

"मोठा टर्बो टाकू. एकदा दम धरला की थांबायचं नाव नाही," मिस्त्री म्हणायचे.

"दम धरेपर्यंत चढ संपेल की. छोटाच बघा, लगेच हवा भरणारा. आणि दाब बेताचा."

"मास्तर, दाब बेताचाच ठेवायचा तर एवढा खटाटोप कशाला?"

"तिला रोज कामाला जायचंय. शर्यतीला नाही."

शेवटी ठरलं ते असं. टर्बो छोटा. दाब सोसतील असे मजबूत पिस्टन. दाबून तापलेली हवा गार करायला पुढे एक जाळी, तिच्याकडे जाणारा पोलादी पाइप, जादा पेट्रोल देणारी नोझलं आणि दमदार क्लच. सामान एकेक करून दुकानात येत गेलं आणि अस्तराच्या कापडात गुंडाळून फळीवर बसलं.

बायकोनं एकच अट घातली होती. "माझ्या रजेत काय ते करा. रजा संपली की सकाळी गाडी दारात पाहिजे. माझी माणसं वाट बघत असतात." रजा तिला वर्षातून एकदाच मिळायची.

रजा लागली त्या दिवशी तिनं गाडी गॅरेजात आणून लावली. दुसऱ्या दिवशी इंजिन उघडायचं होतं. पण ट्रायल घेतल्याशिवाय मास्तरांनी आयुष्यात कशाला पक्की शिलाई घातली नव्हती. त्यांनी आधीच घरी इंजिनाची मापं घेतली होती आणि त्यावरून पाइप, जाळी, सगळं कॅनव्हास आणि खाकी कागदाचं शिवून आणलं होतं. टर्बोच्या जागी चिंध्या भरलेली उशी. बॉनेटखाली वाकून ते एकेक तुकडा टाचत होते. पांढरा धावदोरा इंजिनाभोवती फिरत होता.

"काज-बटणंही करून टाका," मिस्त्री म्हणाले. "वहिनी, मास्तर याला सदराच घालणार आहेत की काय?"

"मला तरी कुठे शिवून देतात. यानं घातला तर घरातलं निदान कुणीतरी घालेल," बायको म्हणाली.

मास्तरांच्या कानावर यातलं काही गेलं नाही. कॅनव्हासचा पाइप इंजिन आणि रेडिएटर यांच्या मधून अलगद, कुठेही न घासता गेला होता. बोटभर जागा सगळीकडून सारखी सुटली होती. इतकी नीट बसलेली ट्रायल त्यांनी फार दिवसांत पाहिली नव्हती.

"बसली," ते हळूच म्हणाले.

"मग गाडी मागच्या खड्ड्यावर घेऊ," मिस्त्री म्हणाले. "म्हणजे उद्या खालूनही काम करता येईल. वहिनी, घ्या जरा मागे. बॉनेट राहू द्या उघडं, मी बघतो मागचं."

खड्ड्याकडे थोडी चढण होती. तिनं गाडी सुरू केली, रिव्हर्स टाकला आणि क्लच सोडला. मास्तर गाडीबरोबर चालत पुढून बघत होते. गाडी मागे चढू लागली तसं अख्खं इंजिन पुढे झुकलं, बसल्या जागेवरून उठू पाहणाऱ्या म्हाताऱ्यासारखं. कॅनव्हासचा पाइप रेडिएटरवर दाबला गेला, चपटा झाला, आणि शिवण उसवली.

"थांब," मास्तर म्हणाले.

मिस्त्री येऊन वाकले. "रबरी पाय ढिले झालेत इंजिनाचे. त्यात काय, उद्या ठोकून पाइप वाकडा करू. जाईल तसा."

मास्तर उसवलेल्या शिवणीवरून बोट फिरवत राहिले. घरासमोरची गल्ली उताराची. बायको रोज सकाळी गाडी अशीच रिव्हर्समध्ये वर घ्यायची. कॅनव्हासच्या जागी पोलाद असतं, तर त्यानं रेडिएटरच फोडला असता. मग मागच्या सीटवर नळकांडं, गाडी चढावर बंद, आणि वर वाट बघणारी माणसं.

"उद्या नको," ते म्हणाले.

"अहो मास्तर, तुमच्यासाठी दोन गाड्या परत पाठवल्या मी."

"मापंच चुकलीत. सगळी. इंजिन बंद असताना घेतली मी. आता पाइप, जाळी, सगळं नव्यानं घडवायला हवं."

"आठवडा आहे हातात," बायको गाडीतून म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला होता. ठाणांमागचं ते सामान तिनंही पाहिलं होतं. "करा की मधल्या वेळात. मी थांबेन दोन दिवस जास्त."

"ती माणसं थांबायची नाहीत," मास्तर म्हणाले, आणि उसवलेला पाइप सोडवून घेऊ लागले.

बायको उतरून पुढे आली, इंजिनाकडे बघत उभी राहिली.

"तुम्ही येईल त्या गिऱ्हाइकाला सांगता, हात वर करा, आता खाली बसा. याला नाही सांगितलंत?"

मिस्त्री हसले. मास्तरांनाही हसू आलं, पण उशिरा.

त्या रजेत मिस्त्रींनी इंजिनाचे रबरी पाय तेवढे बदलले. टर्बो ठाणांमागेच राहिला. रजेच्या शेवटच्या संध्याकाळी घरासमोरच्या गल्लीत बॉनेट उघडं ठेवून बायको स्टिअरिंगवर बसली. मास्तर पुढे उभे, गळ्यात टेप, हातात खडू.

"सोड क्लच. हळू. अर्धाच."

इंजिन झुकलं, पहिल्यापेक्षा कमी. मास्तरांनी जिथवर ते आलं तिथे बाजूच्या पत्र्यावर खडूनं रेघ मारली.

"आता पुढे."

ते मागे रेललं. दुसरी रेघ.

"पुन्हा एकदा," मास्तर म्हणाले, आणि तिनं विचारलंही नाही किती वेळा. संध्याकाळच्या उन्हात गाडी पुढे-मागे होत राहिली. इंजिन खांदे हलवत राहिलं, आणि मास्तर त्याच्या घेराला किती सैल ठेवायचं ते पुढच्या रजेसाठी बघत राहिले.