हिरव्यात हरवलेली राणी

माघ सरत आला तरी भीमेवरचा गार वारा हटत नव्हता. उसाच्या फडांवर धुकं तसंच लोंबकळत होतं. भागम्मा ओसरीत मशिनीवर बसून राणीच्या हिरव्या लुगड्याला जरीचा काठ मारत होती. मधूनच गारठलेल्या बोटांवर फुंकर घालायची, परत पाय चालवायची.

गावच्या जत्रेतल्या नाटकाचे पोशाख दरसाली सोलापूरहून भाड्यानं यायचे. घामानं कडक झालेले, कुणाच्याच मापाचे नसलेले. औंदा भागम्मा पंचांपुढं जाऊन उभी राहिली. जन्मभर दुसऱ्यांच्या झंपरांना हुक लावले, एकदा राणी शिवू द्या, म्हणाली. पंचांतले अमृतप्पा म्हणाले, "शिव. पण हसं झालं तर परत सोलापूर."

लुगडं काखेत मारून ती स्टेजकडं निघाली. आज नव्या पडद्याचा नारळ होता. नारळ फुटल्याबिगर नवा पडदा कुणाला दावायचा न्हाई, ही गावाची रीत. त्यामुळं दुकानांच्या पाट्या रंगवणारा विरुपाक्ष दार लावून आपल्या घरात पडद्यावर बाग रंगवत होता, आणि भागम्मा आपल्या घरात शिवत होती.

नारळ फुटला, दोर सुटला. केळी, वेली, आंबराई सरसर खाली उतरली. बाया "अगं बया" करत पुढं सरकल्या. राणी होणारी शैलश्री लुगडं नेसून पडद्यापुढं आली आणि गायबच झाली. हिरव्यावर हिरवं. वर नुसतं तोंड, खाली दोन हात.

"मुंडकं हाय, धड कुठं गेलं?" अंकुशराव खिदळला. लग्नाच्या मांडवांना दिवे पुरवणारा हा गडी नाटकालाही तेच दिवे लावायचा.

"खिदळायलास काय!" भागम्मा विरुपाक्षाकडं वळली. "एवढं हिरवं कामून लावलास रे?"

"बाग हाय अक्का. निळी करू व्हय? तू हिरवं कामून आणलीस?"

"नवी नवरी हाय ती. हिरवंच नेसंल की!"

"मी पडद्याला आता कुंचला लावणार न्हाई."

अंकुशरावनं ताडपत्र्या सोडून अंधार केला, पिवळा दिवा मारला. दोन्ही पिवळं. लाल मारला, दोन्ही काळं. अमृतप्पांनी खिशातून मोबाइल काढला. सोलापूर आता एका फोनाइतकंच लांब, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

भागम्मानं लुगड्याचा काठ हातात धरून पडद्याकडं बघितलं. मग शैलश्रीला म्हणाली, "पोरी, बागेत राणी काय करती?"

"प्रधान शोधायला येतो, मी झाडाआड लपते."

"झाड कुठाय?"

"न्हाईच. नुसतं तोंड फिरवून उभं राहायचं."

"मग फिरव की. पदर घे डोक्यावरून."

शैलश्री फिरली. आता तोंडही न्हाई, हातही न्हाई. विरुपाक्ष स्वतःच वाकून तिला शोधायला लागला. "अर्र! पण निघायची कशी?"

"पदराला आतनं केशरी अस्तर लावते," भागम्मा म्हणाली. "झटकला की पेटल्यासारखा दिसंल."

"मी आडवा दिवा मारतो भागाक्का, पडद्याला लागूच देत न्हाई," अंकुशराव आता हसत नव्हता.

विरुपाक्ष थोडा वेळ कुरकुरला. मग डबा उघडून बसला. "तिथली केळ गडद करतो. मागं अंधार पायजे."

सांजच्याला नाटक रंगलं. भागम्मा पडद्यामागं, दातात पिन धरून. तिला दिसत काहीच नव्हतं. प्रधानाचे पाय वाजत होते, लोक गप्प होते. तेवढ्यात एक म्हातारी ओरडली, "आगं, पोरगी गेली कुठं?" पदर झटकल्याचा फटकारा आला आणि पाठोपाठ शिट्ट्यांचा असा गदारोळ उठला, की दोर धरून उभ्या विरुपाक्षानं भागम्माकडं बघून हसून मान डोलावली.

अमृतप्पा आत आले. "भागम्मा, पुढच्या साली राजा बी तूच शिव."

"शिवते अण्णा. पण नारळ आधी फोडा. पडदा बघितल्याबिगर कापड घेत न्हाई."

"आगं, रीत हाय ती..."

"रीतीला राणी दिसायला नको व्हय?"

अमृतप्पा डोकं खाजवत, "बघू, बघू... फोडू आधी," म्हणत निघून गेले.

सकाळी शेजारची चन्नम्मा झंपर घेऊन दारात हजर. भागम्मानं सुई उजेडाकडं धरली, दोरा ओवला आणि पहिला हुक लावायला घेतला.